बारामतीचे आकाश : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत छोट्या रेषेची लांबी. प्रवासाचा वेळ मात्र या रेषेवरून थेट काढता येत नाही. विमान कोणते आहे, वारा कुठून वाहतो, धावपट्टी किती लांब आहे, उतरताना वाट पाहावी लागते का आणि घरापासून विमानतळापर्यंत जायला किती वेळ लागतो, या सर्वांवर तो ठरतो. विमानतळ मोठे आणि एकमेकांपासून दूर असतील, तर अंतर आणि वेळ यांचे प्रमाण बरेचसे जुळते. ते लहान आणि जवळजवळ असतील, तर जुळत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती आणि इंदापूर हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी चांगले आहेत. बारामतीला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसता येईल अशी नियमित प्रवासी सेवा नाही. इंदापूरला धावपट्टी नाही, पण राज्यातील एका नव्या विमानमार्गाची सरळ रेषा त्याच्या जवळून जाते.

अंतर कसे मोजतात

विमानतळाचे स्थान अक्षांश आणि रेखांश यांनी सांगितले जाते. बारामतीचा विमानतळ शहराच्या उत्तरेला, भिगवण रस्त्याच्या बाजूला, कटफळ आणि गोजुबावी या गावांच्या परिसरात आहे. त्याचे स्थान साधारण १८.२३ अंश उत्तर आणि ७४.५९ अंश पूर्व असे आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून उत्तरेकडे जाताना आखडत जातो आणि बारामतीच्या अक्षांशावर तो सुमारे १०६ किलोमीटरचा होतो. एवढ्या माहितीवर महाराष्ट्रातील कोणत्याही दोन विमानतळांमधील अंतर कागद-पेन्सिलीने काढता येते. दोन ठिकाणांचा उत्तर-दक्षिण फरक आणि पूर्व-पश्चिम फरक किलोमीटरमध्ये काढायचा, दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. खंड ओलांडणाऱ्या प्रवासात पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावाच लागतो. राज्यातल्या राज्यात ही साधी पायथागोरसची रीत पुरेशी आहे.

या रीतीने बारामतीपासून पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे ८१ किलोमीटर, सोलापूर १५७, शिर्डी १६३, कोल्हापूर १७६, नवी मुंबई १८१, लातूर १९९, मुंबई २०५ आणि नागपूर ५६५ किलोमीटरवर येते. बारामती विमानतळापासून इंदापूर शहर सरळ रेषेत ४८ किलोमीटरच्या आसपास आहे. हे आकडे धावपट्टीच्या मध्यबिंदूंमधील आहेत. विमान किती उंचीवरून उडते याने त्यात नगण्य फरक पडतो. सहा किलोमीटर उंचीवरून नागपूरला गेले, तरी अंतर फक्त अर्धा किलोमीटर वाढते.

विमान वाहतुकीत अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर एक भाग जवळजवळ एवढाच भरतो. त्यामुळे नकाशाच्या उभ्या कडेवरून अंतर थेट वाचता येते. तासाला एक नॉटिकल मैल या वेगाला नॉट म्हणतात. रस्त्यावरचा जुना मैल १.६०९ किलोमीटरचा होता. दोन्ही मैलांची गल्लत झाली, तर आकडा सुमारे पंधरा टक्क्यांनी चुकतो. बारामती-मुंबई हे अंतर सुमारे १११ नॉटिकल मैल आहे, साध्या मैलात ते १२७ भरते.

सरळ रेषा आणि प्रत्यक्ष मार्ग

विमान सरळ रेषेत क्वचितच जाते. धावपट्टीला ठरलेली दिशा असते आणि विमानाला वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडावे व उतरावे लागते. बारामतीच्या धावपट्टीला ११ आणि २९ असे क्रमांक आहेत. म्हणजे तिची एक बाजू होकायंत्रावर सुमारे ११० अंशांकडे, पूर्व-आग्नेयेला, तोंड करते आणि दुसरी २९० अंशांकडे, पश्चिम-वायव्येला. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा विमाने साधारणपणे २९ या दिशेने उतरतात. मुंबईहून येणाऱ्या विमानाला अशा वेळी धावपट्टी ओलांडून पूर्वेला जावे लागते आणि वळून परत यावे लागते. या वळशात काही मिनिटे जातात. साठ किलोमीटरच्या उड्डाणात ती मोठी ठरतात, सहाशे किलोमीटरच्या उड्डाणात ती जाणवत नाहीत.

दुसरा वळसा हवाई क्षेत्राच्या नियमांमुळे पडतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमाने त्याच धावपट्टीचा वापर करतात. लढाऊ विमानांच्या सरावाची वेळ, धावपट्टीची दुरुस्ती, संरक्षण कारणांसाठी राखलेले आकाश यांचा विचार करून नागरी विमानांचा मार्ग आणि वेळ ठरते. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात दुरुस्तीसाठी लोहगावची धावपट्टी पूर्ण बंद होती. त्या दिवसांत पुण्याचे हवाई अंतर जसेच्या तसे होते, पण विमानाने पुण्याला पोहोचणे शक्य नव्हते. मुंबईत अडचण वेगळी आहे. तिथे उतरण्यासाठी वेळेचा ठरावीक हिस्सा, म्हणजे स्लॉट, मिळवावा लागतो आणि गर्दी असली की विमानाला आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून विमानसेवा सुरू झाल्यामुळे हा ताण वाटून घेण्याची सोय झाली आहे.

तिसरे कारण जमिनीवरच्या अडथळ्यांचे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना विमान हळूहळू चढेल वा उतरेल एवढा आकाशाचा तिरका पट्टा मोकळा असावा लागतो. सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी या पट्ट्यात येत होती. अनेक वर्षांच्या वादानंतर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. बारामती आणि इंदापूर हाही उसाचा मुलूख आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या चिमण्या इथल्या क्षितिजावर उभ्या आहेत. येथील विमानसेवेचा विस्तार करताना त्यांची उंची आणि धावपट्टीपासूनचे अंतर आधी तपासावे लागेल.

वेळेचे गणित

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे शाळेतले सूत्र विमानाला अर्धेच लागू पडते. एटीआर ७२ हे पंख्याचे प्रवासी विमान पूर्ण उंचीवर तासाला सुमारे ५०० किलोमीटर जाते, जेट विमान ८०० च्या आसपास. पण वर चढताना आणि खाली उतरताना हा वेग मिळत नाही. म्हणून छोट्या उड्डाणाचा वेळ काढताना अंतर भागिले वेग या उत्तरात दहा ते पंधरा मिनिटे मिळवतात. विमान फलाटावरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जमिनीवरून सरकण्याचा वेळही येतो आणि वेळापत्रकात छापला जातो तो हाच.

यामुळे अंतर कमी होत जाते तसा वेगवान विमानाचा फायदाही आटत जातो. बारामती-नागपूर हे ५६५ किलोमीटरचे अंतर एटीआर सुमारे दीड तासात आणि जेट सव्वा तासाच्या आत कापेल. फरक वीसेक मिनिटांचा पडतो. बारामती-पुणे या ८१ किलोमीटरमध्ये जेट विमान पूर्ण उंची गाठण्याआधीच त्याला उतरायला सुरुवात करावी लागेल. तिथे दोन्ही विमानांच्या वेळेत दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त अंतर राहत नाही, इंधनाचा खर्च मात्र जेटचा कितीतरी जास्त होतो.

वाऱ्याचा परिणामही नीट समजून घ्यावा लागतो. विमान हवेच्या सापेक्ष उडते आणि हवा स्वतः सरकत असते. शंभर नॉट वेगाचे दोन आसनी प्रशिक्षण विमान बारामतीहून सोलापूरला, म्हणजे ८५ नॉटिकल मैल, निघाले असे धरले, तर शांत हवेत त्याला ५१ मिनिटे लागतात. पश्चिमेचा २० नॉटचा वारा पाठीशी असेल, तर जमिनीवरून पाहता वेग १२० होतो आणि ४३ मिनिटे पुरतात. परतताना तोच वारा समोरून येतो, वेग ८० वर घसरतो आणि ६४ मिनिटे लागतात. शांत हवेत जाऊन-येऊन १०२ मिनिटे लागली असती, वाऱ्यात १०७ लागली. जाताना वाचलेला वेळ परतताना पूर्ण फेडला जातो आणि वर थोडे व्याजही द्यावे लागते, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ राहते. म्हणूनच इंधन नेहमी परतीच्या प्रतिकूल हिशेबाने भरतात आणि त्यावर किमान अर्ध्या तासाचा साठा राखून ठेवतात.

उन्हाळ्याचा परिणाम वाऱ्याइतका उघड दिसत नाही. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे जवळजवळ २००० फूट उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर गेला की हवा पातळ होते आणि विमानाला ती पाच-साडेपाच हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी भासते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, जमीन सोडायला जास्त लांब धाव घ्यावी लागते. बारामतीची धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे. लहान विमानांना ती भरपूर होते. एटीआरसारख्या विमानाला ती चालते, पण दुपारच्या उन्हात प्रवासी किंवा सामान कमी घेण्याची वेळ येऊ शकते. भरगच्च भरलेल्या मोठ्या जेट विमानांना ती अपुरी आहे.

सोलापूर-मुंबई रेषा आणि इंदापूरचा प्रवासी

सोलापूरहून मुंबईपर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३६२ किलोमीटर आहे. बारामती-सोलापूर १५७ आणि बारामती-मुंबई २०५ यांची बेरीजही ३६२ च येते. म्हणजे बारामती जवळजवळ या सरळ रेषेवरच आहे. इंदापूर शहरही तिच्यापासून पाच-सात किलोमीटरच्या आतच पडते. सोलापूरहून ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईसाठी नियमित विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे इंदापूरच्या माणसाला मुंबईला विमानाने जाण्याचा एक पर्याय मिळाला. तो किती उपयोगाचा आहे, हे वेळेच्या हिशेबावरून ठरते.

इंदापूरहून सोलापूर विमानतळ पुणे-सोलापूर महामार्गाने सुमारे ११० किलोमीटर आहे. तिथे जायला दोन तास, उड्डाणाआधी विमानतळावर हजर राहण्यासाठी एक ते दीड तास, ब्लॉक टाइम एक तासाच्या आसपास आणि मुंबईत उतरल्यावर बाहेर पडायला अर्धा तास लागतो. एकूण वेळ पाच तासांच्या घरात जातो. रस्त्याने थेट मुंबई सुमारे २९० किलोमीटर आहे आणि वाहतूक बरी असेल तर सहा तास लागतात. म्हणजे प्रवाशाने आधी पूर्वेला जाऊन पुन्हा आपल्याच तालुक्यावरून पश्चिमेला उडत यायचे, आणि एवढे करून वाचतो तो एखादा तास. विमानाची ठरलेली वेळ आपल्या कामाला जुळली नाही, तर तोही वाचत नाही. सोलापूरच्या प्रवाशाला मात्र हीच सेवा अर्धा दिवस वाचवून देते.

या तुलनेतून एक सर्वसाधारण निष्कर्ष काढता येतो. घरातून निघणे, तपासणी, वाट पाहणे, सामान घेणे आणि मुक्कामापर्यंत पोहोचणे यांत विमानप्रवासाचे साडेतीन ते चार तास ठरलेले असतात. उड्डाण ८० किलोमीटरचे असो वा ८०० चे, त्यांत फरक पडत नाही. रस्त्याचे अंतर हवाई अंतराच्या सव्वापट आणि गाडीचा सरासरी वेग तासाला ५५ किलोमीटर धरला, तर विमान आणि गाडी यांची बरोबरी १७० ते २०० किलोमीटरच्या दरम्यान होते. त्याच्या आत गाडी जिंकते, पलीकडे विमान. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेत मार्गाची लांबी मुळात २०० ते ८०० किलोमीटर ठेवली गेली आणि डोंगराळ भाग, बेटे यांना खालच्या मर्यादेतून सूट दिली गेली. जिथे रस्त्याचा वेग फारच कमी असतो, तिथे बरोबरीचे अंतरही खाली येते.

या कसोटीवर बारामतीच्या जोड्या पाहिल्या, तर चित्र स्पष्ट होते. पुणे, सोलापूर, शिर्डी आणि कोल्हापूर ही ठिकाणे बरोबरीच्या रेषेच्या आत किंवा तिच्यावर आहेत. लातूर आणि मुंबई जेमतेम रेषेवर आहेत. नागपूर, आणि त्याहून दूरची दिल्ली, हैदराबाद किंवा अहमदाबाद ही शहरे रेषेच्या खऱ्या अर्थाने पलीकडे आहेत. पुणे आणि बारामती यांच्या मधल्या पुरंदर तालुक्यात नियोजित असलेला मोठा विमानतळ उभा राहिला, तर बारामतीच्या बऱ्याच प्रवाशांना दूरची उड्डाणे तासा-दीड तासाच्या रस्त्यावर मिळतील आणि बारामतीतून नियमित सेवा चालवण्याचे गणित आणखी अवघड होईल.

प्रशिक्षणाचे आकाश

प्रवासी सेवा नसली तरी बारामतीची धावपट्टी रिकामी नसते. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, २००९ मध्ये बारामती, लातूर, नांदेड, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि यवतमाळ हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिले होते. नियमित उड्डाणांची अपेक्षा बारामतीत फळाला आली नाही, पण वैमानिक घडवणाऱ्या संस्थांनी इथे चांगले मूळ धरले. कार्व्हर एव्हिएशन आणि रेडबर्ड यांसारख्या संस्थांची छोटी विमाने बारामती आणि इंदापूरच्या आकाशात दिवसभर दिसतात.

शिकाऊ वैमानिकासाठी अंतर आणि वेळ यांचे गणित परीक्षेचा विषय आहे. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात किमान ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची, एक लांब फेरी स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून करावी लागते आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरावे लागते. बारामती-सोलापूर-कोल्हापूर-बारामती हा त्रिकोण १५७, २०५ आणि १७६ मिळून ५३८ किलोमीटरचा, म्हणजे २९० नॉटिकल मैलांचा होतो आणि थोडक्यात कमी पडतो. बारामती-कोल्हापूर-लातूर-बारामती हा त्रिकोण सुमारे ६७६ किलोमीटरचा, ३६५ नॉटिकल मैलांचा आहे आणि नियमात बसतो. शंभर नॉटच्या विमानाला त्यासाठी आकाशात साडेतीन तासांहून जास्त वेळ लागतो. निघण्यापूर्वी विद्यार्थी प्रत्येक टप्प्याची दिशा, अंतर, वारा, अपेक्षित वेळ आणि इंधन कागदावर मांडतो आणि वाटेतल्या खुणांवर घड्याळ पाहून हिशेब पडताळतो. भीमेच्या पात्रावरचा उजनीचा विस्तीर्ण जलाशय ही या भागातली वरून ओळखू येणारी सर्वांत मोठी खूण आहे. हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांची शांतता आणि विमानाची सुरक्षितता या दोन्हींसाठी जलाशयावरून कमी उंचीवर उडणे टाळावे लागते.

प्रशिक्षणात अपघातही झाले आहेत. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान कोसळले आणि शिकाऊ वैमानिक जखमी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांच्या आत दोन विमाने कोसळली. सपाट, उघडी शेते आणि माळराने यांमुळे हा भाग सक्तीने उतरण्यासाठी तुलनेने बरा असला, तरी त्यावर विसंबून राहता येत नाही.

उतरण्याची सोय

अंतर आणि वेळ यांच्या हिशेबात शेवटचे काही किलोमीटर सर्वांत जास्त महत्त्वाचे असतात. मुंबई आणि पुण्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष आहे आणि ढगाळ हवेतही विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणणारी उपकरणे आहेत. बारामती हा अनियंत्रित विमानतळ म्हणून चालत आला आहे. तिथे वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी पाहून उतरावे लागते. वारा आणि दृश्यता यांची माहिती देण्याचे काम तिथल्या प्रशिक्षण संस्थांची माणसे करीत आली.

२८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी मुंबईहून निघालेले लिअरजेट ४५ विमान बारामतीत उतरताना कोसळले. राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातील पाचही जणांचा मृत्यू झाला. विमान आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास निघाले होते. वैमानिकांना दृश्यता सुमारे ३००० मीटर असल्याचे कळवण्यात आले होते. पहिल्या प्रयत्नात न उतरता विमान पुन्हा वर गेले आणि दुसऱ्या प्रयत्नात अपघात झाला. मुंबई-बारामती हे अंतर वेगवान जेट विमानाला अर्ध्या तासाहून कमी वेळात कापता येते. अपघाताची कारणे ठरवणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. पण अशा विमानतळावर सकाळचे धुके किंवा धूसरपणा असेल, तर नकाशावरचे अंतर कितीही लहान असले तरी उड्डाणाचा वेळ निश्चित सांगता येत नाही, एवढे यातून निर्विवाद दिसते. अशा वेळी धुके विरेपर्यंत न निघणे किंवा लोहगावला उतरून रस्त्याने शंभर किलोमीटर येणे हेही प्रवासाच्या नियोजनात आधीपासून धरलेले असले पाहिजे.

निष्कर्ष

दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतराचा कोणताही आकडा वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. अंतर किलोमीटरमध्ये आहे की नॉटिकल मैलात, वेळ नुसत्या उड्डाणाचा आहे की घरापासून मुक्कामापर्यंतचा, आणि उतरण्याच्या ठिकाणी हवामान पाहणारी व विमानाला मार्ग दाखवणारी व्यवस्था आहे की नाही. बारामतीसाठी दोनशे किलोमीटरच्या आतल्या नियमित प्रवासी सेवेतून वेळेची बचत होत नाही. ही धावपट्टी वैमानिकांचे प्रशिक्षण, तातडीची रुग्णसेवा आणि नागपूरसारखी लांबची उड्डाणे यांसाठी योग्य आहे. या तिन्ही कामांसाठी बारामतीला आज लांब धावपट्टीपेक्षा कायमचा नियंत्रण कक्ष, हवामान केंद्र आणि उतरण्यास मदत करणारी उपकरणे यांची गरज अधिक आहे आणि शासनाने आधी तीच पूर्ण करावी.